उन्हाळ्यात प्रवासाला थर्मास बाटली घ्यायची तर: आधी मोजा, मग घ्या, मग तपासा

मार्च सरला की आमच्या इकडं विदर्भात घरोघरी पाण्याच्या बाटलीचा विषय निघतो, आणि दरवर्षी मी तीच गंमत बघून राहिलो. लोक आधी बाटली घेतात, मग ती बॅगेत मावते का ते बघतात, मग फ्रीजमधला बर्फ तिच्या तोंडातून जात नाही हे कळते, आणि पंधरा दिवसांत "थर्मास बोगस निघाला बाप्पा" म्हणून ती फळीवर जाऊन बसते ते थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. बहुतेक वेळा बाटलीत काही खोट नसते, घेणाऱ्यानं क्रम उलटा लावला असतो. आणि जिच्यात खरंच खोट असते ती ओळखायला दहा मिनिटांची एक घरगुती परीक्षा पुरते, पण ती कोणी करत नाही, केली तरी बिल हरवल्यावर करतात. म्हणून हे पायरीपायरीनं लिहून राहिलो. घाई असंल तर बाकीचं वरवर वाचा पण सातवी पायरी नीट वाचा.

१. आधी प्रवास मोजा

कागद घ्या. (मोबाईलमधे नका लिहू, दुकानात गेल्यावर सापडत नाही.) त्यावर लिहा: घरून निघून पोहोचेपर्यंत किती तास, किती माणसं, मधात पाणी भरायला कुठं मिळते, आणि बाटली प्रवासात नेमकी कुठं राहील, म्हंजे खांद्यावरच्या बॅगेत, मोटरसायकलला लटकून, की काळीपिवळीत (वाटेतल्या सवारी जीपमधे) पायाजवळ.

हे काहून लिहायचं, तर यवतमाळ ते नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, कळंब, देवळी, वर्धा अशी गावं लागत जातात, कुठंही उतरून पाणी भरता येते, तिथं माणशी एक लिटरची बाटली पुरते. पण परतवाड्याहून सेमाडोहवरून धारणीला जायचं असंल तर घाट आणि जंगल, गाडी पंक्चर झाली तर तास-दीड तास झाडाखाली बसायची तयारी, तिथं माणशी दोन लिटर तरी हाताशी पायजे. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडं जाणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही, ते कॅनच घेऊन निघतात.

मग वजन. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यात एक लिटरची स्टीलची व्हॅक्यूम बाटली रिकामीच साधारण अर्धा किलोच्या घरात जाते. म्हंजे अशा दोन बाटल्या खांद्यावर घेतल्या की तीन किलो झाले, वर डबा, वर लग्नातल्या आहेराची पिशवी. म्हाताऱ्या माणसाला हे झेपत नाही आणि मग ते बाटली घरीच ठेवून निघतात. त्यांच्यासाठी पाऊण लिटर किंवा अर्धा लिटरचीच घ्या, जी सोबत जाईल ती बाटली कामाची.

मोठी घ्यावी की लहान? मोठी बाटली जास्त वेळ थंड राहते, कारण आतल्या पाण्याच्या मानानं तिचा बाहेरचा पृष्ठभाग कमी पडतो. पण घरातली चार माणसं एकाच दोन लिटरच्या बाटलीतून पिणार असतील तर दर दहा मिनिटाला झाकण उघडते, आणि अर्धी रिकामी झाली की उरलेलं पाणी भराभर तापते. माझं मत, चौघांसाठी दोन लिटरची एक घेण्यापेक्षा लिटर-लिटरच्या दोन घ्या, आणि दुसरीला दुपारचे बारा वाजेपर्यंत हातच लावू नका.

सावधान: बाटली म्हंजे फिल्टर नाही. जसं पाणी टाकाल तसंच ते आत राहील, खराब असंल तर खराबच, फक्त थंड खराब.

२. घरातल्या तीन गोष्टी पट्टीनं मोजा

ही पायरी सगळेच गाळतात आणि दुकानदाराला विचारतात "बर्फ जाते का हो यात", तो हो म्हणतो, त्याला काय करायचं.

फ्रीजच्या ट्रेमधला बर्फाचा खडा आडवा मोजा. साधारण तीन सेंटीमीटर भरतो, काही ट्रेमधे जास्त. बाटलीच्या तोंडाचं आतलं माप त्याहून चांगलं सेंटीमीटरभर मोठं पायजे, नाहीतर खडा तिरपा अडकतो आणि मग आपण तो चमच्याच्या दांड्यानं ठोकत बसतो, त्यात आतून ओरखडे.

बॅगेचा बाजूचा कप्पा मोजा, रुंदी आणि खोली दोन्ही. मोटरसायकलवर जाणाऱ्यांनी जिथं बाटली अडकवणार त्या जागेचं माप घ्या. माझ्या भाच्यानं मोठी हौसेनं जाड बाटली घेतली, ती गाडीच्या जाळीत बसेना, दोरीनं बांधली, आणि दारव्ह्याच्या अलीकडं खड्ड्यात गाडी गेली तशी ती मागं सुटून रस्त्यावर घरंगळली. मिळाली परत, पण बुडाला चेप पडला होता आणि त्या दिवसापासून तिच्यात पाणी टिकत नाही. चेपाचं सांगतो पुढं.

तिसरी गोष्ट हात. बाटली पाण्यानं भरल्यावर एका हातानं धरून झाकण उघडता आलं पायजे. घरातल्या आजीला आणि लहान पोराला दोघांनाही उघडायला लावा. दुकानात रिकामी बाटली सगळ्यांनाच उघडते.

३. "२४ तास थंड" याचा अर्थ आधी समजून घ्या

डब्यावर लिहिलेलं असते २४ तास थंड, १२ तास गरम. ते खोटंच असते असं नाही, पण ते मोजतात कसे ते बघा. बाटली काठोकाठ भरलेली, पाणी चांगलं गार, खोली बेताच्या तापमानाची, आणि झाकण मधात एकदाही उघडलेलं नाही.

आता आपला हिशेब लावा. समजा आत पाणी ५ अंश आहे आणि खोली २५ अंश, तर फरक झाला २० अंशांचा. तीच बाटली मे महिन्यात एसटीच्या खिडकीजवळ ठेवली, बाहेर ४५ अंश, तर फरक झाला ४० अंश. उष्णता या फरकाच्या प्रमाणात आत घुसते, म्हंजे दुप्पट वेगानं. वर आपण दर अर्ध्या तासाला झाकण उघडणार आणि दर वेळी आत गरम हवा जाणार. म्हणून नवतप्यात, म्हंजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, डब्यावरच्या आकड्याच्या अर्ध्यापेक्षा जास्त धरूच नका, आणि अर्धीच भरलेली असंल तर त्याहून कमी. सकाळी सहाला भरलेली बाटली दुपारी तीन-चारपर्यंत गारेगार राहिली तर ती चांगली बाटली, तिला नावं ठेवायची नाही.

४. प्रकार ठरवा

बाजारात तीन प्रकार एकाच फळीवर मांडलेले असतात आणि दुकानदार तिघांनाही थर्मासच म्हणतो, त्यामुळं घोळ होतो.

एक, प्लास्टिकची, आत फोम भरलेली. शाळेची पोरं नेतात ती, आणि मोठे जग येतात ते. हलकी, स्वस्त, पडली तरी चेपत नाही. तीन-चार तास बरं काम देते. गरम पाणी किंवा चहा यात टाकायचा नाही, "फक्त थंड" असं बहुतेकींवर लिहिलेलंच असते. शेतावर बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर पाच लिटरचा जग हाच बरोबर, तिथं हजाराची बाटली नेऊन करायचं काय.

दोन, साधी एका भिंतीची स्टीलची. ही काही थंड ठेवत नाही, पण तिला गोणपाटाचं नाहीतर जाड सुती कापडाचं कव्हर शिवून ओलं ठेवलं तर पाणी गार राहते, जुन्या छागलीचं, म्हंजे पाण्याच्या ओल्या पिशवीचं तत्त्व. आपल्याकडची मे महिन्यातली हवा कोरडी असते म्हणून ओलावा भराभर उडतो आणि बाटलीतली उष्णता घेऊन जातो. चालत्या गाडीला वारा लागला की आणखी चांगलं. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की हे काम थांबते.

तीन, दोन भिंतींची स्टीलची, मधली हवा काढून घेतलेली. व्हॅक्यूम म्हणतात ती हीच, आणि पुढचं सगळं हिच्याबद्दल आहे.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. व्हॅक्यूम बाटलीला ओला दुपट्टा गुंडाळून काही फायदा नाही. तिच्या बाहेरच्या भिंतीचा आतल्या पाण्याशी जवळजवळ संबंधच तुटलेला असतो, त्यासाठीच तर पैसे दिले. कापड भिजवायचंच असंल तर झाकणावर टाका, झाकणात व्हॅक्यूम नसतो, उष्णता मुख्यतः तिथून आणि गळ्याजवळून शिरते.

५. तोंड आणि झाकण: इथं जास्त वेळ घालवा

बाटलीच्या रंगावर लोक अर्धा तास घालवतात आणि झाकणाकडं बघतही नाहीत. माझ्या हिशेबानं बाटली चांगली की वाईट हे अर्धं झाकणावर ठरते. गळते ते झाकण, वास धरते ते झाकण, आणि दोन वर्षांनी तुटते तेही झाकणच.

आधी हे ठरवा की तुमच्या घरी पाणी कसं पितात. आपल्याकडं बरेच जण तोंड न लावता वरून पितात, उष्टं नको म्हणून. मोठ्या तोंडाच्या बाटलीतून एसटीत वरून पिऊन बघा, पहिल्या गतिरोधकाला अख्खा शर्ट ओला. अशा घरानं वर पेल्यासारखं झाकण असलेली बाटली घ्यावी, पेल्यात ओतायचं आणि प्यायचं. नाहीतर दोन टप्प्यांचं झाकण असलेली, म्हंजे खालचं मोठं झाकण बर्फ टाकायला आणि धुवायला, त्यावर लहान तोंड प्यायला. प्रवासासाठी मला हाच प्रकार सगळ्यात आवडतो, थोडी महाग पडते पण घ्या.

बटण दाबून ओतायची टोपी असते ती चहाच्या थर्मासला ठीक. झाकण पूर्ण उघडावं लागत नाही म्हणून गारवा टिकतो हे खरं, पण आत बारीक खाचा असतात, त्यात शेवाळ धरते आणि ब्रश पोचत नाही.

नळीवाली, म्हंजे सिपर. पोरांना आवडते. पण आपल्या रस्त्यांवर धूळ किती उडते ते माहीत आहे ना, उघडी चोच असलेली सिपर मोटरसायकलवर नेली की पहिला घोट मातीचा. चोचीवर झाकण असंल तरच घ्या. आणि सिपर बॅगेत आडवी ठेवायची नाही. माझी स्वतःची सिपर तहसीलमधे जाताना बॅगेत कलंडली आणि सातबाऱ्याच्या चार प्रती, आधारची झेरॉक्स, सगळं भिजून लगदा झालं, परत रांगेत उभा राहिलो, उन्हात.

आता झाकण उलटं करा आणि आत बघा. रबरासारखं गोल कडं दिसंल, आपल्याकडं त्याला वायसर म्हणतात. तो नखानं काढता येतो का बघा. काढता येत नसंल तर धुता येणार नाही, आणि धुता येत नसंल तर जूनपर्यंत वास येईल. त्याच मापाचा वायसर सुटा मिळतो का हेही विचारून ठेवा. झाकणाचे आटे बोटानं चाचपा, प्लास्टिकचे आटे खरबरीत असतील तर ती बाटली ठेवून द्या.

तपासा: झाकण दोन-अडीच फेऱ्यांत घट्ट बसलं पायजे आणि शेवटी जोर न लावता थांबलं पायजे. दात-ओठ खाऊन आवळावं लागत असंल तर आटे चुकले.

६. स्टील, शिक्का आणि दुकानातली पाच मिनिटं

स्टीलचं फार खोलात जात नाही. आतली भिंत ३०४ नंबरच्या स्टीलची पायजे, यालाच १८/८ पण लिहितात, म्हंजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०१ नंबरचं स्टील स्वस्त, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, ते गंजाला लवकर बळी पडते. ३१६ हे ३०४ च्या वरचं, खाऱ्या पाण्याला आणखी चांगलं टिकते, पण महाग. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी स्टीलकडं जरा जास्त लक्ष द्यावं, खारं पाणी दिवसेंदिवस बाटलीत पडून राहिलं की स्टीलला गंजाचे बारीक बारीक टिपके पडायला लागतात, एकदा ते सुरू झाले की घासून जात नाहीत. पाणी खारं असंल तर रोज रिकामी करून विसळा, एवढं केलं की ३०४ पुरते.

बाजारात काही जण खिशातून चुंबक काढतात आणि "चिकटत नाही, म्हंजे अस्सल" म्हणतात. या परीक्षेवर विसंबू नका. २०१ लाही चुंबक नीट चिकटत नाही, आणि ३०४ चा पत्रा ओढून बाटलीचा आकार दिला की अस्सल असूनही कुठंकुठं थोडं चिकटते. चुंबक गच्च चिकटला तर मात्र ते स्टील वेगळ्याच जातीचं.

त्यापेक्षा शिक्का बघा. केंद्र सरकारनं २०२३ साली थर्मास आणि बाटल्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले. व्हॅक्यूम बाटलीवर आयएसआयची खूण, तिच्या वर आयएस १७५२६ हा नंबर आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना नंबर असावा. साध्या एका भिंतीच्या स्टील, तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांचा नंबर वेगळा, आयएस १७८०३. मोबाईलवर बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात परवाना नंबर टाकला की कोणत्या कंपनीचा परवाना, चालू आहे का, ते दिसते. दुकानात रेंज नसते म्हणून डब्याचा फोटो काढा आणि बाहेर येऊन तपासा. नाव मिल्टन असो, सेलो असो, बोरोसिल असो की कधी न ऐकलेलं, तपासायची रीत एकच.

दुकानात उभ्याउभ्या एवढं करा:

बाटली कानाजवळ हलवा, आत काही खडखडलं तर नको. आत मोबाईलचा टॉर्च मारा, तळाशी काळपट डाग, गंजाची चिरी किंवा जोडाची खरबरीत रेघ दिसली तर नको. बूड बघा, चेप नको, आणि सपाट फरशीवर ठेवून डगमगते का बघा. नाक लावून वास घ्या, नव्या बाटलीला थोडा वास असतो पण रंगाचा किंवा जळक्या प्लास्टिकचा उग्र वास असंल तर दुसरी मागा. पट्टीनं तोंड मोजा, कागदावरच्या मापाशी जुळवा.

आणि बिल. पक्कं, तारखेचं. वॉरंटी कार्ड असंल तर दुकानाचा शिक्का मारून घ्या. "मीच आहे ना बसलेला, बिल काय करता" असं म्हणणाऱ्याला हसून म्हणायचं, द्या भाऊ, घरी दाखवा लागते. आठवडी बाजारातून घेणार असाल तर हे काही मिळणार नाही हे धरूनच घ्या. ऑनलाईन मागवली तर खोका फोडताना व्हिडिओ काढा आणि परत करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा.

७. घरी आल्या आल्या गरम पाण्याची परीक्षा

थंड पाण्याची बाटली गरम पाण्यानं तपासायची, हे ऐकून लोक हसतात. पण व्हॅक्यूम आहे की नाही हे याहून लवकर कशानंच कळत नाही. बर्फ टाकून तपासायचं म्हटलं तर दिवस जातो, आणि शेवटी "थोडं कमी थंड वाटते का रे" असा वाद होतो.

सकाळी करा, उजाडल्यावर लगेच. दुपारी घरातलं प्रत्येक भांडं तसंच गरम लागते, काही समजत नाही. बाटली आधी साबणानं धुवून घ्या. पाणी खळखळ उकळा, जपून बाटलीत ओता, गळ्यापासून दोन बोटं खाली ठेवा, झाकण लावा आणि उभी ठेवून द्या. हलवू नका, उलटी करू नका, गरम वाफेनं झाकण उडू शकते. दहा मिनिटांनी तळहात बाटलीच्या पोटावर सगळीकडून फिरवा, मग बुडाला लावा. शेजारी एक रिकामा स्टीलचा तांब्या ठेवा आणि आलटूनपालटून हात लावून बघा.

पोट आणि बूड तांब्याइतकंच गार लागलं तर व्हॅक्यूम शाबूत. झाकणाजवळ, गळ्याच्या दोन बोटं पट्ट्यात कोमट लागणारच, तिथं दोन्ही भिंती जोडलेल्या असतात, ती खोट नाही. पण पोटावर कुठंही गरम लागलं, किंवा बूड गरम लागलं, तर हवा आत गेलेली आहे आणि ती बाटली दुरुस्त होत नाही. त्याच दिवशी बिल घेऊन दुकान गाठा. दुकानदार ऐकत नसंल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे, तिथं तक्रार नोंदवता येते.

हीच परीक्षा दरवर्षी मार्चमधे एकदा करायची. बाटली पडली, चेपली तर तेव्हाही. चेप नुसता वरवर असंल तर काही बिघडत नाही, पण बुडाला मार बसला तर बरेचदा व्हॅक्यूमच जातो. आणखी एक खूण, गार पाणी भरल्यावर बाटलीला बाहेरून घाम सुटला तर समजा ती गेली.

मग गळतीची परीक्षा, ही साध्या पाण्यानं. बाटली भरा, झाकण लावा, जुन्या पेपरवर अर्धा तास आडवी आणि अर्धा तास उलटी ठेवा. पेपरवर एकही ओला ठिपका नको. सिपर असंल तर चोच बंद करून.

शेवटी लिटरच्या मापानं पाणी ओतून बघा. डब्यावर एक लिटर आणि आत नऊशे असं असू शकते, कारण झाकणाचा खाली उतरणारा भाग जागा खातो.

८. भरायचा क्रम

इथं चूक झाली तर चांगली बाटलीही बदनाम होते. निघायच्या दहा मिनिटं आधी माठातलं पाणी बाटलीत टाकून नुसतं ठेवा, कारण रात्रभर तापलेल्या खोलीत पडलेल्या बाटलीचं स्टीलच तापलेलं असते, त्यात थेट बर्फ टाकला की पहिला बर्फ स्टील गार करण्यातच वितळतो. मग ते पाणी ओतून टाका, तुळशीला घाला. आता आधी बर्फ, मग गार पाणी. उलट केलं तर बर्फ टाकताना पाणी उसळते आणि बाटली पूर्ण भरत नाही. काठापर्यंत भरा, फक्त झाकणाचा भाग बुडेल एवढी जागा सोडा. रिकामी जागा म्हंजे आत कोंडलेली गरम हवा.

बर्फ आदल्या रात्री लावा, सकाळी लोडशेडिंग असंल तर काय कराल. गाडीवरून लादी फोडून आणलेला बर्फ पिण्याच्या पाण्यात टाकायचा नाही, तो खाण्याचा असेलच असं नाही, आणि निळसर दिसला तर नक्कीच नाही, अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियमच आहे.

घरी फ्रीज नसंल तर पहाटे माठातलं पाणी भरा. पहाटे माठ सगळ्यात गार असतो. बाटली पाणी थंड करत नाही, जसं दिलं तसं सांभाळते, म्हणून दुपारच्या माठाचं कोमट पाणी भरून चमत्काराची वाट बघू नका.

हे कधीच करायचं नाही: बाटली पाण्यासकट फ्रीजरमधे ठेवणं. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण ९ टक्के फुगतो, आतली भिंत वाकते, व्हॅक्यूम जातो. गॅसवर, चुलीवर ठेवणं तर सोडाच.

यात काय टाकायचं नाही ते पण सांगतो. सोडा-कोल्ड्रिंक नको, दाब वाढतो. ताक-मठ्ठा नको. मी एकदा लग्नाला ताक भरून नेलं, चार तास काळीपिवळीच्या टपावर उन्हात, मंगल कार्यालयात झाकण फिरवलं तसा ठप्प आवाज झाला आणि शेजारच्या मामांच्या नव्या सदऱ्यावर ताकाचा शिडकावा. ताक आंबलं की गॅस धरतो. पन्हं, लिंबूपाणी, ओआरएस हे मीठ आणि आंबट दोन्ही, दोन-तीन तासांत संपवणार असाल तर ठीक, रात्रभर ठेवाल तर स्टीलला खाते. ओआरएसची पुडी सोबत सुटी ठेवा, लिटरभर पाण्याची पुडी असंल तर एका लिटरमधेच मिसळा, अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी नाही.

९. वाटेत

मोठी व्हॅक्यूम बाटली ही साठ्याची टाकी समजा. सोबत एक लहान साधी बाटली किंवा पेला ठेवा, एकदम दोन-तीन पेले ओतून घ्या, मोठीचं झाकण लावा. दर घोटाला मोठी उघडली की दुपारपर्यंत सगळं कोमट.

अर्धी झाली म्हणून बसस्टँडच्या नळाचं पाणी तिच्यात ओतायचं नाही. उन्हात तापलेल्या पाईपचं पाणी आणि उरलेलं गार पाणी मिळून दोन्ही वाया. पाणपोईच्या रांजणाचं असंल तर ते लहान बाटलीत घ्या.

एसटीत बाटली खिडकीकडं नको, सीटखाली सावलीत, इंजिनापासून लांब. मोटरसायकलवर सायलेन्सरच्या बाजूला लटकवू नका, हे सांगावं लागते कारण मी लोकांना तसं करताना बघितलं आहे.

सावधान: सोबतच्या माणसाला ऊन लागलं, बरळायला लागला किंवा बेशुद्ध झाला तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाते. सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, ओल्या दुपट्ट्यानं वारा घाला, १०८ ला फोन करा.

१०. धुणं आणि ठेवून देणं

घरी आल्यावर उरलेलं पाणी काढा, साबणाच्या पाण्यानं आणि लांब ब्रशनं धुवा, झाकण वेगळं ठेवून बाटली उपडी वाळवा. तारेची घासणी नको, राख आणि वाळूही नको, बाहेरचा रंग जातो आणि आतली गुळगुळीत भिंत खरवडली जाते, मग तिथंच डाग धरतात. ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायची नाही, क्लोरीन स्टीलला खाते.

वास येत असंल तर दोन चमचे खायचा सोडा आणि कोमट पाणी, झाकण न लावता रात्रभर. आत पांढरा थर बसला असंल, आपल्या बोअरच्या पाण्यानं बसतोच, तर एक भाग व्हिनेगर आणि चार-पाच भाग पाणी तासभर ठेवून ब्रश फिरवा, मग चार वेळा विसळा. आठवड्यातून एकदा वायसर काढून दोन्ही बाजूंनी चोळा. बसवताना तो उलटा बसला तर बाटली गळायला लागते आणि आपण बाटलीला शिव्या देतो, म्हणून काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

पावसाळा लागला की बाटली कोरडी करून झाकण न लावता फळीवर ठेवा, तोंडावर सुती कापड बांधा. झाकण आणि वायसर वेगळे, एका डब्यात, आणि त्याच डब्यात बिल.